ओलं गोणपाट

पेरणीआधी वहिनी थोडं सोयाबीन ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवते आणि चार दिवसांनी उलगडून उगवण बघते. यंदा मी गावी गेलो तेव्हा ओसरीवर तिच्यापुढे दोन गुंडाळ्या होत्या. एक घरी राखलेल्या बियाण्याची, दुसरी नमुन्यादाखल आणलेल्या कंपनीच्या बियाण्याची.

त्याच कंपनीचे शेअर घ्यावेत का, हे मी महिनाभर तपासत होतो. निवृत्तीची पुंजी त्यात घालायची आणि पंधरा वर्षं हात लावायचा नाही, असा बेत होता. ताळेबंद चांगले होते. सगळी मदार मात्र एकाच गोष्टीवर होती: शेतकऱ्यानं दरवर्षी बी विकतच घ्यायला हवं.

"भावजी, घरचं बी उगवलं तर यंदा कंपनीच्या पिशव्या आणायला नकोत," वहिनी म्हणाली आणि घरच्या गुंडाळीची सुतळी सोडू लागली.

गाठ सैल होत होती आणि माझ्या मनात एकच येत होतं, नको उगवू दे.

मग अंगावर सर्रकन काटा आला. पैसे बुडण्याची भीती माझ्या ओळखीची होती, ही नव्हती. अजून एक शेअरही घेतला नव्हता, तरी मी माझ्याच भावाच्या शेताचं वाईट चिंतत होतो. मग पुढची पंधरा वर्षं रोज सकाळी उठून मी काय मागणार होतो?

गोणपाट उलगडलं. आत पांढरे मोड दाटीनं उभे होते.

"लांबून काय बघताय? जवळ या की," वहिनी हसून म्हणाली.

माझे पाय उचलेनात.