तोंड न उघडणारा किडा

कोल्हापुरात सगळं मिळतं, समुद्र सोडून. आणि सोनलला वेड लागलं ते नेमकं समुद्रातल्या किड्यांचं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाईनं बेडूक, गांडूळ शिकवावं, गप बसावं, पण नाही. सुट्टी मिळाली की तिचा नवरा, अनेकांत, गाडी काढायचा आणि आंबा घाट उतरून दोघं रत्नागिरीच्या खडकांवर. "लोक कोकणात मासे खायला जात्यात, आमची बाई किडे बघायला," असं तो शिरोलीच्या कारखान्यात सगळ्यांना सांगायचा.

किड्यांचे फोटो ती इंटरनेटवर एका साइटवर टाकायची. जगभरचे जाणकार तिथं फोटो बघून नाव सांगतात. फुलपाखरू टाका, चहा निवायच्या आत नाव हजर. सोनलला मात्र नॉर्वेच्या एका अभ्यासकाचं ठरलेलं उत्तर यायचं : 'कुळ कळतं, जात नाही. घशावरचे काळे ठिपके दिसायला हवेत. किडा मारून स्पिरिटमध्ये ठेवा.'

मारून! इथंच तर घोडं पेंड खात होतं. घर जैनांचं. सासूबाई अक्काताई दिवस मावळल्यावर घास घेत नाहीत, गाळल्याशिवाय पाणी पीत नाहीत. लग्न ठरतानाच त्यांनी बजावलं होतं, "शिकव की खुशाल. पण जीव घ्यायचा न्हाय." सोनलनं शब्द दिला आणि पाळला. त्या शब्दापायी तिचे सगळे किडे साइटवर बिननावाचे पडून होते. कॉलेजातले बाकीचे प्राध्यापक विचारायचे, "काय मॅडम, पंचगंगेत शार्क घावला का?" तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एक, फक्त एक पक्कं नाव मिळालं, तर या कामाला कुणी काम म्हणणार होतं.

खडकांच्या फटीतला हा गांडुळासारखा लांबट किडा चावताना घसा मोज्यासारखा उलटा करून बाहेर काढतो. म्हणजे त्यानं जिवंतपणी एकदा तोंड उघडलं की झालं! या खेपेला सोनलनं समुद्राच्या पाण्यासकट एक किडा बरणीत घातला आणि घाटभर मांडीवर धरून घरी आणला. ओट्यावर खिडकीच्या उजेडात ठेवून मोबाईल रोखून बसली. शेवाळ दिलं, काडीनं डिवचलं, शेवटी हात जोडले. किडा ढिम्म.

"अरे, उघड की तोंड, मेल्या!" ती ओरडली. कॉलेजची वेळ झाली तशी चरफडतच उठली आणि दार आपटून गेली.

दुपारी परतली तर अक्काताई खुशीत होत्या.

"किती वास मारत होतं गं ते पाणी! मुकं जित्राब, सांगणार कुणाला? दिलं वतून. गाळलेलं गोडं पाणी घातलंय बघ. आता कसं निवांत पडलंय."

सोनल बरणीकडं धावली. खाऱ्या पाण्यातला जीव गोड्या पाण्यात फुगून मेला होता. मरताना त्याचा अख्खा घसा बाहेर आला होता. काळे ठिपके एकेक मोजून घ्यावेत इतके स्वच्छ दिसत होते.

तिला ओरडायचं होतं. पण मुंगी दिसली तर वाट सोडून चालणाऱ्या बाईवर काय ओरडणार? तिनं फोटो काढला.

"झोपलंय व्हय गं?"

"व्हय आई," सोनल म्हणाली. "झोपलंय."

संध्याकाळी नाव आलं. पक्कं, जातीपर्यंतचं. इतकी वाट बघितलेली गोष्ट हातात आली आणि आनंद म्हणाल तर नावाला नाही. खाली नॉर्वेच्या अभ्यासकानं लिहिलं होतं, 'सुरेख! घसा इतका नेटका बाहेर कसा काढलात? तुमची पद्धत जरूर कळवा.'

उत्तराची चौकट उघडून सोनलनं 'पद्धत' एवढंच लिहिलं आणि पुसून टाकलं. पलीकडं अक्काताई पाणी गाळत होत्या. फडक्यात एखादा जीव अडकून मरू नये म्हणून त्यांनी ते हलक्या हातानं उलटं करून पाण्यात खळबळलं.

"सोनल," त्या आतूनच म्हणाल्या, "उद्या परत बदलूया की त्याचं पाणी."