दोन दात आणि आईची चक्कर

फिट आली तेव्हा काकांनी माझ्या दातांत लोखंडी उलथणं घातलं. समोरचे दोन दात असे उडाले, की एक वलगावच्या शिवारात सापडला. आमच्या गावापासून चार कोस. तोंडात काही घालू नये, माणसाला कुशीवर वळवावं, हे आम्हांला फार पुढे कळलं.

कबड्डीच्या सामन्यांत माइकवर मी बोलायचो. अमरावतीत आवाज चढवला तर अकोल्यात बैल बिथरत. त्या वर्षांत कपाशीनं सगळ्यांची तोंडं उतरवली होती. मोकळं ओरडायला सामनेच उरले होते. दात गेले आणि माइकमधून नुसती हवा येऊ लागली. नांदगाव खंडेश्वरचे सामने महिन्यावर होते, आणि मंडळानं दुसरा बोलणारा हेरून ठेवला होता.

अमरावतीच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "फिट, मिरगी वगैरे?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "नाही जी. चक्कर येते त्याले कधीमधी. उपाशी राह्यते ना."

घरात बहीण लग्नाची होती. मिरगी हा शब्द आमचा उंबरा ओलांडत नसे.

बाईंनी काढता-घालता येणारी दोन दातांची चिमुकली कवळी दिली. आठ दिवस मी म्हशींनाही हसून दाखवलं. नवव्या दिवशी जेवता जेवता फिट आली. शुद्धीवर आलो तर कवळी गायब.

"गिळली असन," काका म्हणाले. आईनं माझा जबडा उघडून आत डोकावलं. तेवढ्यात बहिणीनं पिठल्यातून कवळी उचलून दाखवली.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या दवाखान्यात बाकावर बहिणीला पाहून गेलेल्या मुलाची आत्या बसलेली. आईनं तिला पाहिलं, पदर सारखा केला आणि भरल्या खोलीत बोलली, "बाई, याले मिरगी आहे. लहानपणापासून."

"काहून लपवलं, माय?" बाई हबकल्या. "कवळी श्वासनळीत गेली असती तर? हे प्लास्टिक एक्स-रेतही धड दिसत नाही. याला फिक्स दातच पाहिजेत, बाजूच्या दातांना पक्के बसवलेले. गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

आईनं ओच्यातून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. आत्या सरकून जवळ आली. "आमच्या जावेलेबी हेच पाकीट हाय," ती म्हणाली.

नांदगावात नव्या पक्क्या दातांनी पहिल्या चढाईला मी असा गरजलो, की स्टँडवरची धारणीची एस.टी. कंडक्टरची घंटी समजून निघूनच गेली.