दौंडच्या माळावर आमचा पहिला गोल्फ

शिरूरच्या मिशनमधले साहेब मायदेशी परतताना आपल्या गोल्फच्या काठ्या आम्हा उभयतांना देऊन गेले. आम्ही दोघंही मिशनच्या शाळेत शिकवत होतो. दौंडला रेल्वेच्या माळावर गोल्फचं मैदान आहे आणि तिथे कुणालाही खेळता येतं, असं कळल्यावर आमचे बेत सुरू झाले. रोज संध्याकाळी हे अंगणात मैदान रेखाटत. "इथं जपून मार. पुढं ओढ्याची वगळ आहे, खोल घळच." न पाहिलेल्या जागेची एवढी माहिती यांना कुठून, हे माझ्या मनातही आलं नाही.

नाताळच्या सुट्टीत सकाळच्या एस.टी.ने निघालो. दोन्ही बाजूंना ज्वारी हुरड्यात आली होती. निमोण्यापुढे रस्ता इतका खराब, की टपावरच्या काठ्या खडखड वाजत होत्या. भीमा ओलांडून दौंडला पोचलो आणि स्टेशनसमोर ऑम्लेट-पाव खाल्ला. इंजिनाची काजळी चहात पडली, तरी चहा मला गोडच लागला.

मैदान म्हणजे नुसता खडकाळ माळ. हिरवळ नावालाही नाही. चेंडू ज्या भोकात घालायचा, त्याच्याभोवती तेल मुरवलेली काळी वाळू पसरलेली. यांना पाहताच तिथले राखणदार मारुतीमामा हसले.

"आलात व्हय मास्तर! आन् मागल्या खेपंच्या बाई कुठं हायेत?"

यांनी काठ्यांच्या पिशवीत डोकं घातलं.

"कोण बाई?" मी विचारलं.

"कमलबाई. दवाखान्यातल्या नर्स," हे पुटपुटले. "पुण्याला असताना त्या खेळायच्या. मला काहीच येत नव्हतं. तुझ्यासमोर फजिती नको, म्हणून एकदा शिकून गेलो."

"बाई लई हसल्या," मामा म्हणाले. "मास्तरांनी पयला चेंडू मारला आन् गिरकी घिऊन सोताच बसले की खाली!"

वह्या आणायला पुण्याला जातो म्हणून हे पहाटे निघाले होते, तो दिवस मला आठवला. मीच डबा करून दिला होता. त्यातली चपाती कमलबाईंनीही खाल्ली असणार.

खेळ सुरू झाला. "जपून, पुढं..." हे म्हणाले. मी सगळा जीव एकवटून काठी फिरवली. चेंडू थेट वगळीत गेला. दुसराही तिथेच घातला. यांचा खेळ मात्र नेटका होता. कमलबाईंनी चांगलं शिकवलं होतं! शेवटपर्यंत मी हरत राहिले.

परतताना निमोण्याजवळ गाडी पंक्चर झाली. सगळे खाली उतरले. मी काठ्या उतरवून घेतल्या आणि रस्त्याकडेच्या पडीक रानात एक चेंडू ठेवला.

"दाखवा."

"काय?"

"तो पहिला चेंडू. गिरकी घेतलेला."

"अगं, लोक बघतायत."

"मामांनीही बघितलाच होता."

यांनी टोपी सारखी केली, काठी उगारली आणि गर्रकन फिरून ढेकळांत बसले. चेंडू जागचा हलला नाही. एक फेटेवाले आजोबा धावले, "लागलं का वो मास्तर?" बाकीचे खो खो हसत होते. मलाही हसू आवरेना. मी हात देऊन यांना उठवलं, धोतराची माती झटकली.

गाडीत हे खुशीत होते. मला वाटलं, माझाही राग गेला. पण शिरूर येईपर्यंत एकच विचार मनात टोचत राहिला. मला मिळाली ती नक्कल. खरं पडणं कमलबाईंनी पाहिलं होतं.