भित्र्या मुसाफिराच्या लेखिका

आदरणीय सुमनबाई राऊत यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते केळझरच्या आमच्या शाळेच्या फाटकाशी. मी चित्रकलेचा नवा शिक्षक, त्या इतिहासाच्या. बैठकीसाठी सगळे वर्ध्याला निघालो होतो. बाई मात्र घामाघूम. "तुम्ही व्हा पुढे. मले गाडीचं भेव लागते," म्हणाल्या. मला हसू आलं. लहानपणी त्यांनी डोळ्यांदेखत अपघात पाहिला होता, हे नंतर कळलं आणि माझी मलाच लाज वाटली.

अशा बाईंनी मुलांसाठी पुस्तक लिहिलं ते कुणावर? सातशे वर्षांपूर्वी मोरोक्कोहून निघून पार हिंदुस्थान, चीन गाठणाऱ्या इब्न बतूतावर! चित्रं माझी होती. मी छाती काढून उभा असलेला वीर रंगवला. बाईंनी तो परत पाठवला.

"मास्तर, ट्युनिस शहरात पोचल्यावर संगच्या बाकीच्या मुसाफिरायले भेटाले लोकं आले, याले कोणीच नाई. तं हा रडला. थे काढा."

"बाई, मुलं घाबरतील."

"लेकरं घाबरतातच. पण त्यायले वाटते, आपणच एकटे घाबरून राह्यलो."

मी रडणारा मुसाफिर काढला. पुढे आष्टीहून शिकायला आलेली एक मुलगी घरच्या आठवणीने जेवेना, तेव्हा बाईंनी तिला स्वतःच्या घरी नेलं, वरण-भात कालवून दिला आणि तेच पान वाचून दाखवलं. मुलीने विचारलं, "मंग तो घरी गेला का?" "नाई वं, रडत रडत पुढं गेला," बाई म्हणाल्या. मुलगी जेवली.

आता बाईंची पंचाहत्तरी. त्यानिमित्तच्या या गौरवग्रंथात लिहू नये ते मी लिहितो आहे. बाईंच्या हृदयाची शस्त्रक्रिया वर्ध्याला व्हायची आहे. उशीर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. गाडी दाराशी येते आणि बाई उंबऱ्यातून मागे फिरतात. रोज सकाळी माझ्या घरासमोरचं त्यांचं दार उघडलेलं दिसेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. म्हणून हा लेख छापायला देण्याआधी मी त्यांच्यासमोर बसून वाचणार आहे.

बाई, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे मी मनापासून मागतो. पण त्यासाठी मंगळवारी, डॉक्टरांनी दिलेल्या नव्या तारखेला, गाडीत बसावं लागेल. मी शेजारी बसेन. धीर देईन असं मात्र समजू नका, तो माझ्याजवळच नाही. आपण दोघं घाबरतच जाऊ.