उठून बघतो हं

गिरगावातल्या आमच्या चाळीत दुसऱ्याचं पत्र वाचणं हा शेजारधर्म होता. म्हणून बेळगावच्या एका मुलीला मी पोस्टाचाच पत्ता दिला होता. होकार असेल तरच लिहीन, असं ती म्हणाली होती. इकडे मामांनी दुसरं स्थळ तयारच ठेवलं होतं.

पोस्टात खिडकीवर बसणारे गृहस्थ अशी, माणसाने स्वतः येऊन न्यायची पत्रं सकाळीच आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे कपाटाच्या कप्प्यांत लावत. रोज येणाऱ्यांची मात्र हाताशी, टेबलाच्या खणात. माणूस खिडकीशी पोचेपर्यंत त्याचं पत्र बाहेर आलेलं असे. माझी पाळी आली की ते आधी चष्मा पुसत, "उठून बघतो हं," म्हणत आणि कपाटाशी जात. दुपारच्या पिवळ्या उन्हात एकेका कप्प्यावरून त्यांची बोटं सावकाश फिरत. डिंकाचा वास येई, बाहेर मोर्चाच्या घोषणा दूर विरत जात, आणि तेवढ्या वेळात माझं लग्न होऊन पहिला मुलगा शाळेतही जाऊ लागे. मग ते मान हलवत परत येत.

एकदा मी शहाणपणा केला. "मीही रोज येतो. माझंही खणात ठेवा की."

"ठेवतो की. आलं म्हणजे."

पुढे एका दुपारी त्यांनी मला पाहिलं आणि ते उठलेच नाहीत. कंटाळले बिचारे, असं समजून मी मागे वळलो. दारापर्यंत गेलो, तोच खण ओढल्याचा आवाज झाला आणि मागून हाक आली.

"अहो, चाललात कुठे? आलेल्या पत्रासाठी मी कधी उठतो का?"