दुसरी चप्पल

आमच्या इमारतीत दाखवे आडनावाचं कुणीच राहत नाही. तिसऱ्या मजल्यावर राहतो तो चष्म्याच्या दुकानाचा मालक, आणि उरलेल्या वेळात हौशी नाटकमंडळीचा दिग्दर्शक. पण तालमीत कुणी जरा अडखळलं की "थांब, मी दाखवतो!" म्हणून उडी मारायची त्याची खोड, म्हणून तो सगळ्यांचा दाखवे. म्हातारा दाखवतो, हवालदार दाखवतो. गरोदर बाई तर अशी दाखवतो की बघणारे उठून खुर्ची पुढे करतात.

हा सगळा माल उचललेला असायचा, आणि तोही आमच्याकडूनच. दुकानात गिऱ्हाईक आरशात स्वतःला बघत असायचं तेव्हा हा गिऱ्हाइकाला बघत असायचा. वकीलसाहेबांचं खोटं बोलण्याआधी खोकणं, खालच्या काकूंचं "निघते, निघते" म्हणत दारातच तळ ठोकणं, सगळं रंगमंचावर जायचं. गंमत अशी की तो पकडला कधीच गेला नाही. वकीलसाहेब स्वतःच्याच खोकल्यावर पोट धरून हसले आणि वर विचारतात कसे, "कुणाचा उचललास रे? अगदी ओळखीचा वाटतो!" तेव्हापासून दाखवेचा पक्का समज झाला, की माणसाला जगाच्या लकबी दिसतात, स्वतःच्या तेवढ्या दिसत नाहीत.

या समजानंच त्याचा घात केला.

नवं नाटक विनोदी होतं. सासू येतेय असा फोन येतो आणि सुनेची तारांबळ उडते, असा प्रसंग. सुनेचं काम करणारी बाई बँकेत काउंटरवर बसायची, म्हणून ती बँकवाली. बिचारी हात उडवत होती, डोळे गरगरा फिरवत होती, पण हसायचं कुणी नाव घेईना. दाखवे उठला.

"थांब, मी दाखवतो. एक चप्पल पायात, दुसरी हातात. आणि घरभर शोधायची ती हातातलीच. चेहरा कोरा ठेव, घाई फक्त पायांत. आणि म्हणायचं, 'दुसरी कुठंय हो? आत्ता तर इथं होती.'"

बँकवालीनं तसं केलं आणि मंडळी हसून लोळली.

"सर, सुचतं कुठून हो तुम्हाला?"

"डोळे उघडे ठेवायचे," दाखवे ऐटीत म्हणाला. एरवी तालमीतली बारीकसारीक गोष्टही तो घरी जाऊन बायकोला सांगायचा. ही तेवढी सांगितली नाही.

मंडळीचे कपडे बायकोच शिवायची. त्या गडबडीत तिला तालमीला येता आलं नव्हतं, म्हणून पहिल्या प्रयोगाला ती पुढच्याच रांगेत बसली. आपण शिवलेला सुनेचा पोशाख दिव्यांत कसा दिसतो, एवढंच तिला बघायचं होतं.

फोन वाजला. बँकवाली एका चपलेवर फटक फटक करत फिरायला लागली. "दुसरी कुठंय हो? आत्ता तर इथं होती." सभागृहात हशा उसळला. वकीलसाहेब खुर्चीतून घसरायचेच बाकी होते. विंगेतल्या दाखवेनं खुशीत पुढच्या रांगेकडे पाहिलं.

बायको हसत नव्हती. मान खाली घालून ती स्वतःच्या पायांकडे बघत होती.

तिचा धाकटा भाऊ, तिनंच अंगाखांद्यावर वाढवलेला, अपघातात गेल्याचा फोन आला होता, त्या दिवशी ती अशीच घरभर फिरली होती. हेच वाक्य म्हणत. दाखवे दारात उभा होता.

पडदा पडल्यावर लोकांनी त्याला घेरलं. "काय ती चप्पल! मानलं बुवा!" प्रत्येक शाबासकीला तो आणखी आक्रसत गेला. तोंड लपवायला विंगही पुरली नसती.

घरी परतताना कपड्यांची पिशवी तिनं त्याच्या हातात दिली नाही.

"पोशाख छान बसला होता," तो म्हणाला, आणि आपलीच जीभ चावली.

थोडं चालल्यावर ती म्हणाली, "अहो, त्या दिवशी चप्पल माझ्या हातातच होती?"

"हो."

"मला आज कळलं. मला वाटायचं, तुम्हीच कुठूनतरी शोधून दिलीत." ती थांबली. "तुम्हाला दिसत होती?"

"दिसत होती."

"मग सांगितलं का नाहीत?"

नाटकातलं कुठलं पात्र कधी का गप्प बसतं, यावर दाखवे तासभर बोलू शकायचा. आता त्याच्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते खरं होतं.

"बघत होतो."

"बरं," ती म्हणाली. पिशवी तिनं या हातातून त्या हातात घेतली आणि चालायला लागली.

दुसऱ्या प्रयोगाआधी त्यानं नाटकातून चप्पल काढून टाकली. बँकवाली फुरंगटली. "सर, सगळ्यात मोठा हशा तर तिथंच होता!"

"म्हणूनच."

"मग तिथं करू काय? दाखवा ना."

दाखवे उठला, दोन पावलं पुढे गेला आणि परत येऊन बसला. "तुझं तूच बघ," म्हणाला. आमच्यातल्या एकानं लगेच टोमणा मारला, "आडनाव बदललं वाटतं!" सगळे हसले. दाखवेनं चपला पायात सरकवल्या आणि तालीम अर्धी टाकून घर गाठलं.

बायको शिवणयंत्रावर बसली होती. शिवता शिवता ती डाव्या हातानं काहीतरी चाचपायला लागली.

"कात्री मांडीवर आहे, कापडाखाली," तो दारातूनच म्हणाला. इतक्या घाईनं, की ती दचकली.

तिनं कात्री काढली, दोरा कापला आणि पुन्हा यंत्र चालवायला लागली. तो तिथंच उभा राहिला.

"आता काय बघताय?" मान वर न करता तिनं विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला, आणि कुठं बघावं ते न कळून स्वतःच्या पायांकडे बघत राहिला.