आईला विमानातून उतरवलं तेव्हा
खासगी विमान कंपन्या नव्याने सुरू झाल्या, तेव्हा मी बेगमपेट विमानतळावर विमानातल्या वजनाचा तक्ता भरायचो. उन्हाने हवा तापली की विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि धावपट्टी अपुरी पडते. मग माणसं उतरवावी लागत, फुकट पासवाले आधी. त्या दुपारी पुण्याला निघालेली माझी आई मला कंपनीकडून मिळालेल्या अशाच पासावर होती. तिचा पहिलाच विमानप्रवास.

सकाळपासून लोकांची बोलणी खाऊन मी पार थकलो होतो.

"आई, उतरावं लागेल."

"एवढ्या मोठ्या विमानाला माझंच ओझं झालं का रे?"

"नियम आहे," मी इतरांना सांगायचो त्याच सुरात म्हणालो.

ती उतरली आणि संध्याकाळच्या बसने गेली. मला वाईट वाटलं ते मी घरी पोचल्यावर.